'व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा' असा संदेश पूर्ण स्क्रीनवर अडकलाय, काय करू?

फोन करू नका. ब्राउझर जबरदस्तीनं बंद करा, बहुतेक वेळा तेवढ्यानं काम भागतं. तो संदेश म्हणजे एक साधं वेबपेज आहे. वेबपेजला तुमची हार्ड डिस्क तपासताच येत नाही, त्यामुळे त्याला 'सापडलेला' व्हायरस हे निव्वळ चित्र. ते फार तर स्क्रीन व्यापतं, भोंगा वाजवतं, माउसचा बाण लपवतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, ओळखायला एवढी खूण पुरते.

विंडोजवर आधी एस्केप काही सेकंद दाबून धरा. स्क्रीन सुटली नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडा आणि एंड टास्क करा. मॅकवर कमांड, ऑप्शन, एस्केप. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर तो आधीची पानं परत आणायची का विचारेल, तिथं नाही म्हणा. लोक इथेच चुकतात आणि तेच पान पुन्हा समोर उभं राहतं. असे इशारे कोपऱ्यात वारंवार येत असतील तर कधीतरी एखाद्या साइटला 'अलाऊ' दाबलं गेलंय. सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट काढा.

फोन करून कुणाला स्क्रीनचा ताबा आधीच दिला असेल तर मात्र हे पुरणार नाही. लगेच इंटरनेट तोडा, बँकेला कळवा, पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, आणि त्यांनी टाकायला लावलेलं रिमोट सॉफ्टवेअर काढून पूर्ण स्कॅन करा.