वाचकांचे प्रश्न : विसाव्या वर्षी ‘डॉक्टर’ झालेले मेर्गेल्यान

प्रश्न : आर्मेनियन गणिती सर्गेई मेर्गेल्यान यांना वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी ‘डॉक्टर’ ही पदवी मिळाली, हे खरे आहे का? ज्या प्रमेयासाठी ती मिळाली, ते प्रमेय काय सांगते?

उत्तर : पदवीची गोष्ट खरी आहे, मात्र ती त्या प्रमेयासाठी मिळालेली नाही, कारण पदवी 1949 मधली आहे आणि प्रमेय 1951 मधले. मेर्गेल्यान यांचा जन्म 19 मे 1928 रोजी क्रिमियातील सिम्फेरोपोल येथे झाला. 1936 मध्ये त्यांच्या कुटुंबाला सायबेरियातील नारिम येथे हद्दपार करण्यात आले आणि पुढे महायुद्धामुळे ते सारे येरेवानला येऊन राहिले. तेथील विद्यापीठाचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम मुदतीच्या बराच आधी संपवून ते मॉस्कोच्या स्टेक्लोव्ह गणित संस्थेत म्स्तिस्लाव केल्दिश यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागले.

सोव्हिएत पद्धतीत आपल्या पीएच.डी.च्या तोडीची पदवी म्हणजे ‘कँडिडेट’. ‘डॉक्टर’ ही तिच्याहून वरची पदवी असून तिच्यासाठी सहसा आणखी कित्येक वर्षांचे काम लागत असे. मेर्गेल्यान यांनी प्रबंध सादर केला होता तो कँडिडेट पदवीसाठीच, परंतु लावरेंत्येव, निकोल्स्की आणि गेलफोंड या तिन्ही परीक्षकांनी त्यांना थेट डॉक्टर ही पदवी द्यावी अशी शिफारस केली आणि ती मान्य झाली.

आता प्रमेयाविषयी. बहुपदी (केवळ बेरीज, वजाबाकी आणि गुणाकाराने बनणाऱ्या राशी) ही गणितातली हाताळायला सर्वांत सोपी फले (फंक्शन्स). तेव्हा एखादे अवघड फल बहुपदीच्या साहाय्याने हवे तितके जवळून गाठता येईल का, हा प्रश्न जुना आहे. वास्तव रेषेवरील मर्यादित, बंदिस्त अंतरालापुरते त्याचे उत्तर वायरस्ट्रास यांनी 1885 मध्ये दिले : फल संतत (कुठेही खंड न पडणारे) असले की पुरे. संमिश्र संख्या ज्यावर दाखवतात त्या प्रतलावर मात्र एवढे पुरत नाही. उदाहरणार्थ, एकक वर्तुळाच्या परिघावर एक भागिले झेड (झेड म्हणजे त्या प्रतलावरील संख्या) हे फल घ्या. ते तेथे संतत आहे, पण त्या परिघावरून त्याचे संकलन (इंटिग्रेशन) केल्यास शून्य येत नाही आणि कोणत्याही बहुपदीचे संकलन शून्यच येते. त्यामुळे बहुपदी त्याच्या हव्या तितक्या जवळ जाऊच शकत नाहीत. येथे अडचण आहे ती परिघाने आत वेढलेल्या पोकळीची. मेर्गेल्यान यांनी सिद्ध केले की, बंदिस्त व मर्यादित संचाला अशी पोकळी नसेल, फल संपूर्ण संचावर संतत आणि त्याच्या अंतर्भागात वैश्लेषिक (संमिश्र चलाच्या दृष्टीने विकलन करता येणारे) असेल, तर ते बहुपदींनी सर्वत्र एकसारख्या अचूकतेने गाठता येते. या अटी आवश्यकही असल्यामुळे त्या प्रश्नाचे उत्तर येथे पूर्ण झाले. विशेष म्हणजे, अंतर्भागच नसलेल्या संचांची बाजू परीक्षक लावरेंत्येव यांनी, तर बंदिस्त प्रदेशांची बाजू गुरू केल्दिश यांनी आधीच सोडवली होती. विसाव्या वर्षीच्या पदवीचे कौतुक स्वाभाविक आहे. पण आमच्या मते मेर्गेल्यान यांची खरी थोरवी या दोघांचे काम एकाच विधानात सामावून घेण्यात आहे. गणिताच्या विद्यार्थ्यांना हे प्रमेय वॉल्टर रूडिन यांच्या वास्तव व संमिश्र विश्लेषणावरील पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात भेटते.

प्रश्न : एवढ्या मोठ्या गणितज्ञाचे नाव आर्मेनियात संगणकांशी का जोडले जाते?

उत्तर : 1952 मध्ये स्टालिन पारितोषिक आणि पुढच्याच वर्षी सोव्हिएत विज्ञान अकादमीचे प्रतिनिधी-सदस्यत्व मिळाल्यानंतर, 1956 मध्ये येरेवान येथे गणनयंत्रांच्या संशोधनासाठी संस्था उभी राहिली आणि तिचे पहिले संचालकपद अवघ्या 28 वर्षांच्या मेर्गेल्यान यांच्याकडे आले. ‘राझदान’ आणि ‘नाइरी’ ही यंत्रे याच संस्थेची. ते 1960 पर्यंतच संचालक होते, तरीही येरेवानमध्ये लोक तिला ‘मेर्गेल्यान संस्था’ म्हणूनच ओळखत राहिले. पुढे मॉस्कोत अकादमीच्या गणित विभागातही त्यांनी जबाबदारीचे पद सांभाळले. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतरच्या काळात ते अमेरिकेत राहिले. 2008 मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले आणि दफन मॉस्कोत झाले.