सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) ते अंबाबाई मंदिर विनाचालक पॉड, म्हणजे ड्रायव्हर नसलेल्या छोट्या गाड्या, चालवले तर कोल्हापूरची कोंडी सुटेल का?

नाही सुटणार. अडचण ड्रायव्हरची नाही, थांब्याची आहे.

अमेरिकेत मॉर्गनटाउनला १९७५ मध्ये आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २०११ मध्ये अशी सेवा सुरू झाली. दोन्हीकडे पॉडला स्वतःची वेगळी वाट आहे, तिच्यावर दुसरं वाहन येत नाही. आपल्या रस्त्यावर मात्र विनाचालक गाडी पुढे सुरक्षित अंतर ठेवणार आणि त्या फटीत लगेच दुचाकी शिरणार. गाडी पुन्हा ब्रेक मारणार, मागची रांग वाढत जाणार. म्हणजे रस्त्याच्या वरून जाणारा उन्नत मार्ग हवाच.

आता हिशोब बघा. ताशी ३६ किमी, म्हणजे सेकंदाला १० मीटर. प्रवाशाला झटका न बसता थांबायचं तर वेग कमी करायलाच ४० मीटर लागतात. हे मुख्य मार्गावर केलं तर मागचे सगळे पॉड अडकतात, म्हणून थांबा बाजूच्या फाट्यावर घ्यावा लागतो. तिथे आत येणं, उतरणं, चढणं, दार लावून निघणं यात एका पॉडचे ४५ सेकंद जातात. एका जागेवर तासाला ८० पॉड, आठ जागांवर ६४०. सरासरी दोघे धरले तर १,२८० माणसं. आठ जागांना ४० मीटर, शिवाय येताना-जाताना ४०-४० मीटर, असा १२० मीटरचा फलाट मंदिराजवळच्या महाद्वार रोडला कुठे बसवणार? आणि नवरात्रात म्हाताऱ्या माणसांना, लेकरांना ४५ सेकंद पुरत नाहीत.

दर दोन मिनिटांनी ५० माणसं घेऊन केएमटी (महापालिकेची बस) सोडली तर तासाला १,५०० होतात, तेही आहे त्या रस्त्यावर. स्वयंचलित करायचंच असेल तर आधी सिग्नल करा. बसमधल्या जीपीएसवरून बस जवळ आली हे कळलं की हिरवा दिवा आठ-दहा सेकंद लांबवायचा. यात हमखास होणारी चूक म्हणजे थांबा सिग्नलच्या अलीकडे ठेवणं: लांबवलेला हिरवा दिवा प्रवासी चढेपर्यंत संपून जातो. थांबा चौक ओलांडून पुढे हवा आणि तिथली ३० मीटर जागा मोकळी हवी. तिथे वडाप (शेअरची खासगी गाडी) उभं राहिलं की बस तिरकी थांबते, तिचं शेपूट चौकात राहतं आणि आडव्या रस्त्याची वाहतूकही तुंबते.