नागपुरात घरीच १९६५ ची एमजीबी मॉडिफाय करायची आहे, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वडिलांनी जपून ठेवलेली १९६५ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे दोन सीटची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आता तुमच्याकडे आलीय, गाडी चालते पण उन्हाळ्यात सिग्नलवर उभी राहिली की टेम्परेचरचा काटा लालमध्ये जातो, काम घरच्या शेडमध्ये स्वतः करायचंय, आणि मित्र म्हणतायत की हे जुनं इंजिन काढून एखादं नवीन जपानी इंजिन टाक, पॉवर दुप्पट होईल. माझ्याकडे १९६६ ची तीच गाडी आहे, गेली अकरा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये तिच्यावर काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, इंजिन काढू नका भाऊ. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम काढले, त्यात पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी शेल, इंजिन यात मोठा फेरफार केलेला नको. म्हणजे जपानी इंजिन बसवलं की तो दरवाजा बंद झाला समजा. विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही हेही आधीच लक्षात घ्या, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. साध्या नोंदणीवर ठेवायची तरी इंजिन बदलायला आरटीओची आधी परवानगी लागते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एमजीबीचं इंजिन म्हणजे बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीचं बी-सिरीज, १७९८ सीसी, आणि आपल्या अँबेसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन यायचं तेही त्याच घराण्यातलं. दोघांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, एकच, ८८.९ मिमी, फरक बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा, अँबेसेडरचं ७३ मिमी आणि आपलं ८०.२६. म्हणून हेड पॅकिंग किंवा पिस्टन एकमेकांचे लागणार नाहीत, पण ज्या मिस्त्रीने सरकारी अँबेसेडर उघडून आयुष्य काढलंय त्याला तुमचं बोनेट उघडल्यावर काहीच परकं वाटणार नाही, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, कसे सेट करायचे, एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरचा पिस्टन का अडकतो, सगळं त्याच्या हातात आहे. असे मिस्त्री आता साठीच्या पुढे गेलेत, कुणी घरी बसलेत, त्यांना शोधून मान देऊन बोलवा, चहा पाजा, बाजूला बसून बघा. मी जे काही शिकलो ते अशाच एका काकांकडून, ते कानाला लांब पेचकस लावून कोणता टॅपेट वाजतोय ते सांगायचे.

आता गरम होण्याचं. लोक लगेच मोठा फॅन शोधायला धावतात. आपल्या घरचा कूलर आठवा, वाळ्याच्या ताट्या पाण्याच्या क्षाराने बसल्या की आत कितीही मोठा पंखा लावा, हवा गारच येत नाही. रेडिएटरचं तसंच आहे. इतकी वर्षं कुणी ना कुणी त्यात बोअरवेलचं पाणी ओतलेलं असतं, नळ्या अर्ध्या बुजलेल्या असतात. माझा रेडिएटर उघडायला दिला तेव्हा खालच्या भागातल्या निम्म्या नळ्यांतून पाणीच जात नव्हतं. पितळ-तांब्याचा रेडिएटर आहे, फेकू नका, रेडिएटरवाल्याकडे नवीन कोअर, म्हणजे आतली नळ्यांची जाळी, टाकून घ्या, जमलं तर एक रांग जास्तीची, वरची-खालची टाकी मूळचीच राहील आणि बाहेरून गाडी जशीच्या तशी दिसेल. त्याच वेळी ब्लॉकच्या बाजूचे ते गोल पत्र्याचे प्लग काढून आतला गाळ खरवडा, विशेष करून चौथ्या सिलिंडरच्या मागचा, काहून की पाण्याचा पंप पुढे असतो आणि गाळ मागे जाऊन बसतो. मी जवळपास तांब्याभर लाल चिखल काढला होता. नंतर फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. रेडिएटरची कॅप नवीन घ्या पण त्यावरचा प्रेशरचा आकडा मूळचाच ठेवा, दर पीएसआयमागे पाण्याचा उकळबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो म्हणून लोक जास्त प्रेशरची कॅप लावतात आणि मग जुना हीटरचा कोअर फुटून पाय भाजतात. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, आपल्याकडे उन्हाळ्यासाठी ७४ अंशाचा लावा, बस.

एवढं करून माझी गाडी एप्रिलपर्यंत ठीक चालायला लागली, पण नवतपात दुपारी वर्धा रोडच्या सिग्नलला तीन-चार मिनिटं उभं राहिलं की काटा पुन्हा चढायचा. तिथे मग रेडिएटरसमोर इलेक्ट्रिक फॅन लागतोच. आणि इथेच खरी साखळी सुरू होते, जी मला कुणी आधी सांगितली नव्हती. तुमच्या गाडीत ल्युकासचा डायनमो आहे, तो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही इंजिन चांगलं फिरत असताना, आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन हळू चालतं तेव्हा, तर चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो. हॅलोजन हेडलाइट ६० वॉटचे दोन म्हणजे १० अँपिअर, इग्निशन चार, टेल लॅम्प आणि मीटरचे दिवे दोन, फॅन आठ-दहा, झाले की २४ ते २६, आणि फॅन तर नेमका सिग्नलवर उभं असतानाच हवा असतो. म्हणजे फॅनच्या आधी डायनमोच्या जागी आयडलवरही पुरेसा करंट देणारा अल्टरनेटर पाहिजे. आणि अल्टरनेटर लावायचा तर गाडीचा अर्थ, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडायचं ते, बदलावा लागतो, कारण १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, आपल्याकडच्या आजच्या सगळ्या गाड्यांच्या उलट. हे माहीत नसताना मी एका गॅरेजला गाडी दिली होती, तिथल्या पोराने सवयीने मायनस बॉडीला लावला आणि आरपीएम मीटर गेला, तो मिळवायला मला आठ महिने लागले.

अर्थ बदलणं अवघड नाही पण सगळं एका बैठकीत करायचं काम आहे. सीटच्या मागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, त्या काढून १२ व्होल्टची एकच छोटी बॅटरी त्याच खणात बसवा. कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल करा. आरपीएम मीटर उघडून आतले पॉवर आणि अर्थ बदलावे लागतात आणि मागची पांढऱ्या वायरची लूपही उलटी फिरवावी लागते, हे नाजूक काम आहे, एखाद्या चांगल्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून करून घेतलं तर उत्तम. जुन्या रेग्युलेटर बॉक्सच्या वायरी जोडून तो नुसता दिसायला जागेवर राहू द्या. अल्टरनेटर आपल्याकडे ल्युकास टीव्हीएसचे सहज मिळतात, ब्रॅकेट मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून करून घेतला, पण डायनमोची जुनी ब्राउन वायर जास्तीच्या करंटला पुरत नाही, बॅटरीपर्यंत दुसरी जाड वायर टाका. आणि कृपा करून फ्यूज वाढवा, या अख्ख्या गाडीत कंपनीने फक्त दोन फ्यूज दिलेत, हेडलाइटला तर फ्यूजच नाही. हेडलाइटसाठी दोन रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, प्रत्येकाला वेगळा फ्यूज, हॉर्नला एक, फॅनला एक. सीटमागे आग विझवायचा छोटा सिलिंडर ठेवा.

इग्निशनमध्ये डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली बसणारा इलेक्ट्रॉनिक मोड्युल टाकला की सीबी पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघड-बंद होणारे संपर्क, घासायची कटकट संपते आणि बाहेरून काहीच कळत नाही. जुने पॉइंट-कंडेन्सर डब्यात घालून गाडीतच ठेवा, रामटेकच्या वाटेवर मोड्युल गेला तर मनसरच्या अलीकडे उन्हात उभं राहून तुम्ही ते वीस मिनिटांत परत बसवू शकता, मी बसवलेत. प्रत्येक बदल असाच करायचा, उद्या वाटलं तर परत मूळचं बसवता आलं पाहिजे, काढलेला प्रत्येक पार्ट चिठ्ठी लावून जपून ठेवायचा.

पेट्रोलचा विषय आता टाळता येत नाही. पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, इथेनॉल जुने रबरी होज आतून मऊ करतं आणि ते कण कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या टाकीच्या, म्हणजे फ्लोट चेंबरच्या, सुईत अडकतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळे होज इथेनॉल चालणारे घ्या, दुकानात आर-९ ग्रेड सांगून मागा, साधा काळा पाइप घेऊ नका. इथेनॉलमुळे मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, जेटखालचा षटकोनी नट एका वेळी त्याची एकच बाजू एवढा फिरवत खाली घ्या, दोन्ही एसयूंना सारखाच, मग पिस्टन खालच्या पिनने किंचित उचलून बघा, आरपीएम जरासा वाढून लगेच जागेवर आला की बरोबर. या हेडमध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, कार्ब्युरेटर थेट मॅनिफोल्डच्या डोक्यावर, म्हणून मधली पत्र्याची हीट शील्ड कुणी काढली असेल तर आधी ती लावा, नाहीतर उन्हात गाडी बंद केली की फ्लोटमधलं पेट्रोल उकळतं आणि अर्धा तास स्टार्ट होत नाही. व्हॉल्व्ह सीटची झीज रोखणारं शिशाचं पेट्रोल आपल्याकडे २००० सालीच बंद झालं, हेड उतरवलंच तर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट कडक धातूच्या बसवून घ्या.

ब्रेकबद्दल मी जरा कडक बोलतो. पुढे डिस्क आहेत म्हणून खूश होऊ नका, तुमच्या गाडीत सर्किट एकच आहे, कुठेही एक होज फुटला तर चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून पॉवरला हात लावायच्या आधी तिन्ही रबरी होज नवीन, मास्टर सिलिंडर आणि मागचे व्हील सिलिंडर आतून नवीन नळी (स्लीव्ह) बसवून नवीन रबर, डीओटी ४ चं ब्रेक ऑइल, आणि ते दर दोन वर्षांनी बदलायचं, आपल्या पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढतं. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीही जाऊ नका, स्टँड लावा, घरात लहान पोरं असतील तर त्या दिवशी शेडला कुलूप.

बॉडीचं काम मात्र घरी करू नका, निदान सिल्सचं नाही. या गाडीला वेगळी चेसिस नाही, छत नाही, दाराखालच्या पेट्या म्हणजे सिल्स याच तिचा कणा आहेत. माझी गाडी मुंबईहून आलेली, बाहेरून चकचकीत आणि आत गंज. एका वेल्डरने दाराच्या चौकटीत आधाराची पट्टी न लावताच दोन्ही सिल्स कापल्या, गाडी मध्ये खचली, आणि दार लागेना. तो महिना मला अजून आठवतो, रोज रात्री शेडमध्ये जाऊन दाराची फट मोजायचो. तुम्ही आज एवढंच करा, गाडी मागून जॅकवर उचला आणि दाराची वरची फट कमी-जास्त होते का बघा, होत असेल तर रंगाआधी ते काम.

पॉवरचं आता सांगतो, तुम्हाला हेच पहिलं हवं होतं हे मला कळतं. मूळची ९५ हॉर्सपॉवर आहे आणि गाडी टन भरायच्या आतली, नीट ट्यून असेल तर ती आजही मजा देते. या हेडला इनलेटची दोनच तोंडं आहेत, दोन-दोन सिलिंडर एकाच तोंडातून श्वास घेतात, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडणारा महागडा कॅम टाकून फार काही हाती लागत नाही, उलट आयडल बिघडतो आणि गावात चालवायला त्रास. हेडची तोंडं हाताने साफ करून घेणं, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड चांगला, दोन्ही कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलचे स्पिंडल आणि बुश नवीन, टायमिंग नीट, एवढ्यात गाडी बदललेली जाणवेल. ऑइल २०डब्ल्यू-५० मिनरलच.

टायरचं एक सोपं आहे, स्विफ्टला येणारा १६५/८० आर १४ हा आकार या गाडीला बसतो, सगळीकडे मिळतो. तारांची चाकं असतील तर आत ट्यूब टाकावीच लागते, आणि ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतले कागदी स्टिकर खरवडून काढा, ट्यूब त्यांनीच पंक्चर होते.

आणि पाने. या गाडीचे नटबोल्ट इंची आहेत, अर्ध्या इंचाच्या नटाला १३ नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि कोपरे गोल करून टाकतो. ७/१६, १/२, ९/१६ आणि ५/८ एवढे पाने आणि त्यांचेच गोटी पाने घेतले तर निम्मी गाडी उघडते, पहिला खर्च हाच करा.

तुमच्या गाडीत आधीच्या कुणी अर्थ बदललाय का हे माहीत झाल्याशिवाय वायरिंगला हात लावू नका. सीटमागचं झाकण उघडा, बॅटरीची कोणती वायर बॉडीच्या बोल्टला गेलीय त्याचा फोटो इथे टाका, सोबत डायनमोचाही एक, मग पुढचं कनेक्शन मी कागदावर काढून देतो.