राग परातीत थापू द्या

प्रश्न : माझा नातू साडेचार वर्षांचा. लेक-सून दिवाळी करून ऊसतोडीला गेले, लेकरू माझ्याजवळ. तेव्हापासून भांडी फेकतो, शेजारच्या पोरीला चावतो. कामून केलं म्हणून विचारलं तर गप्प. पुण्याच्या भाचीने चेहऱ्यांचा पुठ्ठ्याचा तक्ता दिला. हसरा, रडका, रागावलेला. हा सगळ्यांवर बोट ठेवून ‘हसायलाय’ म्हणतो. काय करू?
– एक आजी, धारूर तालुका

उत्तर : मावशी, तक्ता बाजूला ठेवा. परीक्षेचा वास आला की लेकरं समोरच्याला बरं वाटेल तेच सांगतात. मी 31 वर्षं अंगणवाडी चालवली. हंगामात निम्मी लेकरं आजीपाशीच राहायची. पहिल्याच वर्षी मी शहाणपणाने विचारलं, ‘आईची सय येते का रे?’ एक रडलं, मग अख्खी खोली. मदतनीस बाईंनी गूळ-शेंगदाणे वाटले तेव्हा कुठं शांत झाली. तेव्हापासून लेकराला सरळ विचारणं मी सोडलं.

संध्याकाळी भाकरीला बसाल तेव्हा लिंबाएवढा गोळा त्याला द्या. डोळे-तोंड बोटाने करू द्या. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, कडेला भेगा पडणारच. तो म्हणेल, ‘ह्याचं तोंड फुटलं.’ तुम्ही फक्त म्हणा, ‘लई चिडलंय वाटतं.’ मग थापू द्या, जोरात. हाताला मारायचंच असेल तर परात आहे. आणि राग हा एकच शब्द वापरू नका. रुसलंय, हिरमुसलंय, बावरलंय, भ्यालंय, असे किती शब्द आपल्या रोजच्या तोंडात आहेत. ते पिठाच्या चेहऱ्यासाठी वापरा, हळूहळू तो स्वतःसाठी वापरील. शेवटी ती वाकडी भाकरी भाजून त्यालाच वाढा.

दुसरं, गाडी. कडब्यातून जाड धांडा घ्या. साल तुम्हीच काढा, तिने बोट चिरतं. आतला पांढरा मऊ गाभा त्याला द्या, सालीच्या काड्या खोचून गाडी जुळते. चिंध्यांच्या दोन बाहुल्या करून आत बसवा. नवरा-बायकोच्या जोडीला टोळीत ‘एक कोयता’ म्हणतात, हे त्याने ऐकलेलं असतंच. गाडी दाराबाहेर जाईल, परत येईल. एका पोराने माझ्याकडे पंधरा दिवस गाडी नुसती पाठवली, आणलीच नाही. सोळाव्या दिवशी उंबऱ्यावर आणून उलटी केली, बाहुलीला दोन चापट्या मारल्या आणि कुशीत घेऊन बसला. अशा वेळी ‘आईला मारू नये’ म्हणायचं नाही. मला तोंडावर हात ठेवावा लागला होता.

चावला की मात्र हात धरून थांबवा. ‘चावायचं नाही’ एवढंच बोला. तिथे भाषण नको.

‘होळीला येतील’ असंही सांगू नका. गाळप मार्चमध्ये संपेल की एप्रिलमध्ये, ते आपल्या हातात नाही. रोज ठरल्या वेळी दोन मिनिटं फोन लावून द्या. जेवण सुटलं, झोप उडाली किंवा सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होऊन आठवडे गेले, तर अंगणवाडीताईला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर अंगणवाडीत तपासायला येतात, त्यांना दाखवता येतं.

भाचीवर रागावू नका. तक्त्याचा पुठ्ठा चांगला जाड असेल, गाडीची चाकं त्याचीच कापा.