मृगाआधी घर भरताना

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी मिळाली. लग्नानंतरचा पहिलाच उन्हाळा, सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यामुळे वर्षाची सगळी बेगमी तुझ्यावर आली आहे. तूर, गहू, मिरच्या, कुरड्या, आधी कशाला हात घालावा तेच कळत नाही, असं तू लिहिलंस. घाबरू नको. कामं दिसायला पन्नास आहेत, पण त्यांत सांभाळायची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे ओल. दाण्यात ओल राहिली की सोंडे पडतात, मिरचीत राहिली की बुरशी धरते, कुरडईत राहिली की ती डब्यात पिवळी पडून कुबट वास मारते. ओल घालवायला आपल्याकडे जे ऊन आहे ते फार मोठं धन आहे. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर चढतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. कोकणातल्या बाईला असं ऊन मिळत नाही. म्हणून त्याचा कंटाळा करू नको, त्याचा हिशेब मांड.

मृग 7-8 जूनला लागतो. रोहिणी 25 मेच्या सुमारास लागते, तोवर अंगणातलं सगळं घरात आलेलं असावं, कारण त्या दिवसांत दुपारनंतर कधी वावधन सुटेल आणि कधी सडा पडेल याचा नेम नसतो. तूर भरडणं आणि गहू साठवणं मार्चमध्ये उरक. मिरची-हळद एप्रिलच्या आत. कुरड्या, पापड, वड्या, सरगुंडे एप्रिल ते अर्धा मे. लोणचं सगळ्यात शेवटी.

आधी किती लागतं ते पाहा. वावरात राबणाऱ्या घरात माणशी महिन्याला दहा-बारा किलो धान्य जातं. तुम्ही पाच जण, म्हणजे वर्षाला सहा-सात क्विंटल. त्यात रेशनवर काय येतं ते वजा कर. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो मिळतं, अंत्योदयच्या कार्डावर घरटी 35 किलो. डाळ रोजची पाव किलोच्या आतबाहेर धर, तिखट वर्षाला पाच-सहा किलो. हे आकडे अंदाजाचे आहेत. तुझ्या घरचा खरा आकडा काढायला एक महिना डब्यावर चिठ्ठी लाव, जितकं काढलंस तितकं लिही. पुढच्या वर्षी मग सासूबाईंना विचारावं लागणार नाही.

तुरीची घाई कर, त्याला कारण आहे. तुरीतला भुंगेरा बहुतेक वावरातूनच शेंगेवर अंडी घालून सोबत येतो. दाण्यावर पांढरे बारीक ठिपके दिसले तर ती अंडीच. अख्ख्या दाण्यात त्याला पोसायला जागा मिळते, डाळ केल्यावर ती मिळत नाही. म्हणून तूर पोत्यात ठेवून 'सवडीनं भरडू' म्हटलं की अर्धी पोखरून जाते.

तूर आधी चाळून, सुपानं पाखडून खडे-काडी काढ. एक क्विंटलला साधारण पाऊण-एक लिटर तेल चोळायचं, वरून थोडं पाणी शिंपडायचं आणि रात्रभर ढिगावर पोती झाकून ठेवायची. तेल-पाणी सालीखाली शिरतं, म्हणून टरफल सुटतं. मग दोन-तीन दिवस कडक ऊन दे, रोज दोनदा पाय फिरवून ढीग खालीवर कर. भरडायच्या आधी मूठभर दाणे हातात चोळून बघ. साल निघत असेल तर तयार. निघत नसेल तर पुन्हा तेल-पाणी आणि पुन्हा ऊन. इथे घाई केली की जात्यात डाळ फुटून चुरा होतो आणि साल तशीच चिकटून राहते. जात्यावर क्विंटलमागे साठ-पासष्ट किलो डाळ आली तर चांगली म्हण. जवळपास बचत गटाची मिनी डाळ मिल असेल तर तिथे ने. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं हे लहान यंत्र गावापुरतं काम व्हावं म्हणूनच तयार केलं, आणि त्यात तूट कमी येते. पण तिथेही तूर नीट वाळवूनच न्यावी लागते, यंत्र ओल घालवत नाही. कळणा आणि चुरी घरी आणायला विसरू नको, दुभत्या गाईचं ते खाद्य आहे. बियाण्यासाठी किंवा दाण्यासाठी थोडी तूर-मूग अख्खी ठेवायची असेल तर किलोला लहान चमचाभर गोडं तेल हातानं चोळून ठेव, भुंगेऱ्याची अंडी टिकत नाहीत.

गव्हाला दोन दिवस ऊन पुरतं. ओल पाहायची सोपी रीत सांगते. काचेच्या कोरड्या बरणीत पाव बरणी गहू घाल, त्यावर दोन चमचे अगदी कोरडं मीठ, झाकण लावून खळखळ हलव आणि दहा मिनिटं ठेव. मीठ काचेला चिकटलं तर गहू अजून ओला आहे. दाताखाली दाणा कट् करून तुटला पाहिजे, चपटा होता कामा नये. आता एक चूक जवळजवळ सगळ्या नव्या घरात होते, ती टाळ. संध्याकाळी उन्हातला तापलेला गहू थेट पत्र्याच्या कोठीत भरू नको. रात्री पत्रा थंड होतो, आत वाफ धरते आणि झाकणाखाली पाण्याचे थेंब साचतात. वरचा हातभर गहू त्यानं जाळी धरतो. गहू रात्रभर घरात पसरून निवू दे, सकाळी भर. कोठी भिंतीला टेकलेली नको, खाली फळ्या हव्यात. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थरांत घाल, ओला पाला कधीच नको.

धान्यात टाकायच्या गोळ्या दुकानात मिळतात, त्यांबद्दल मी तुला कडक शब्दांत सांगते. हवेतल्या ओलीनं त्यांतून विषारी वायू सुटतो आणि त्या विषावर उतारा नाही. ज्या घरात माणसं झोपतात, लेकरं खेळतात, तिथे त्या आणूच नकोस. शेजारचं कुणी ठेवत असलं तरी आपल्याला नको. पूर्वी ज्वारी जमिनीतल्या पेवात भरत, आणि पेव उघडल्यावर आत उतरायच्या आधी दोरीला कंदील बांधून सोडत. कंदील विझला तर कुणी उतरत नसे. धान्याच्या बंद जागेतली हवा जीव घेते हे त्या माणसांना पक्कं माहीत होतं. आता पेवं बुजली, सोयाबीन आल्यापासून ज्वारीही कमी झाली, पण ती सावधगिरी मोडीत काढू नको.

कुरड्यांचं तू मुद्दाम विचारलंस. पहिल्यांदा दोन किलोच गहू घे, जास्त नको. तीन दिवस भिजवायचे, रोज सकाळी पाणी बदलायचं. उन्हाळ्यात एक दिवस जरी पाणी बदललं नाही तरी आंबट वास येतो आणि कुरडई लालसर होते. चौथ्या दिवशी दाणा बोटात दाबला की पांढरं दूध उडालं पाहिजे. मिक्सरमधून थोडं थोडं पाणी घालून वाट, पातळ फडक्यातून पिळ, चोथ्यात पुन्हा पाणी घालून आणखी दोनदा पिळ. गाळलेलं सगळं मोठ्या गंजात रात्रभर न हलवता ठेवून दे. सकाळी वर पिवळट पाणी येतं, ते अलगद ओतून टाक. तळाशी बसतो तो चीक.

इथून पुढे पहाटे चारला सुरुवात कर, कारण कुरडई गरम असतानाच पडायला हवी आणि तिला पहिल्या दिवसाचं पूर्ण ऊन मिळायला हवं. तळाचा चीक दगडासारखा बसलेला असतो. तो हातानं पूर्ण ढवळून एकजीव कर आणि मगच मोज, नाहीतर माप चुकतं. जितकी भांडी चीक तितकीच भांडी पाणी, चीक फार घट्ट असेल तर सव्वापट. पाण्यात मीठ घाल, लिटरभर चिकाला दोन लहान चमचे बास, कारण वाळल्यावर खारटपणा वाढतो. पाणी खळखळून उकळलं की एकीनं बारीक धारेनं चीक ओतायचा आणि दुसरीनं लाकडी उलथण्यानं एकाच दिशेनं हलवत राहायचं. हे एकटीचं काम नाही, हात थांबला की गोळ्या होतात. घट्ट झालं की आच मंद करून झाकण ठेव, दहा-बारा मिनिटं वाफ दे. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली आणि ओलं बोट लावल्यावर चिकटलं नाही की शिजलं. बहुतेक कुरड्या इथेच बिघडतात. कच्चा चीक उतरवला तर वाळताना तुकडे पडतात आणि तेलात फुलत नाही.

साच्याला आतून तेलाचा हात लाव, बाजेवर धुतलेलं सुती धोतर पसर आणि तळहाताएवढ्या कुरड्या घाल. प्लास्टिकवर लवकर सुटतात हे खरं, पण धोतर खालून ओल शोषतं. संध्याकाळी धोतर उलटं करून मागून पाण्याचा हबका मार, कुरड्या न मोडता सुटतात. दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूनं वाळव. मधली गाठ मोडून पाहा, आत मऊ लागली तर अजून एक ऊन. चोथा फेकू नको, तिखट-मीठ-तीळ घालून त्याच्या वड्या घाल, राहिलेला गाईला.

पापड आणि मुंगवड्यांना इतकी नाजूक नजर लागत नाही. वड्यांसाठी मुगाची डाळ चार-पाच तास भिजवून जाडसर, कमी पाण्यात वाट. पातळ झालं तर वडी पसरते. सरगुंडे मात्र एकटीनं करायला बसू नको. काडीवर पिठाची बारीक दोरी गुंडाळत जायचं काम चार बाया बसल्या तरच होतं, आज तुझ्या अंगणात, उद्या दुसरीच्या. आमरसात ते सरगुंडे पडले की त्या दुपारचं चीज होतं. घरकामातलं सुख याच बैठकींत आहे असं मला मनापासून वाटतं. तयार पाकिटं आली, शेवयांचं यंत्र आलं, त्यांचा वापर जरूर कर. पण एक तरी काम असं सगळ्यांनी मिळून करायचं राखून ठेव.

मिरची भिवापूरची मिळाली तर उत्तम. देठ कटकन तुटलं आणि बिया खुळखुळल्या की वाळली समज. मातीवर पसरू नको, ताडपत्री हवी. काळी पडलेली मिरची वेगळी काढ, ती दळणात जाऊ देऊ नको, बुरशीचं विष दळून जात नाही. हळद वायगावची घे, तिचा रंग भाजीत बोलतो. लोणच्याचं माप लिहून ठेव. एक किलो कैरीच्या फोडींना 200 ग्रॅम मीठ, 100 ग्रॅम मोहरीची डाळ, 100 ग्रॅम तिखट, 400 मिली तेल. फोडी पुसून सावलीत दोन तास कोरड्या कर. तेल कडकडीत तापवून पूर्ण थंड कर, मग ओत. तेल फोडींच्या वर दोन बोटं राहिलं पाहिजे. मीठ कमी पडलं किंवा तेल खाली गेलं की पांढरा थर आलाच.

चुलीचं तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. गॅस आहे, 14.2 किलोची टाकी आहे, पण अंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांवर, आणि तुराट्यांवर होते, कारण ते सरपण वावरातून फुकट येतं. चूल पडवीत मांड, आतल्या खोलीत नको, धुरानं तुझेच डोळे आणि छाती जाते. आणि पऱ्हाटीचा ढीग घराशेजारी पुढच्या हंगामापर्यंत ठेवू नको. तिच्यावर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी जगते आणि तीच तुमच्या कपाशीवर परत जाते. बोंडं झाडून जाळ, सरपण मेअखेर संपव.

आता अंगाची काळजी. छतावरची, अंगणातली कामं सकाळी नऊच्या आत. बारा ते चार कुणीही वर जायचं नाही. डोक्यावर ओलं फडकं, जवळ पाण्याचा गडू आणि मीठ-साखरेचं पाणी किंवा आंबील. कुणी पोटुशी असेल तर तिला फक्त निवडायचं काम दे. पोती चढवणं, कोठी हलवणं, वानरांना हाकलायला बसणं ही कामं घरातल्या पुरुषांना सांग. पहिल्याच वर्षी सांग. एक उन्हाळा तू सगळं मुकाट्यानं केलंस की पुढच्या वर्षी कुणाला ते कामच दिसणार नाही.

भरलेल्या कोठ्या पोळ्याच्या आसपास एकदा उघड. पावसाची उघडीप आणि कोरडं ऊन असेल त्याच दिवशी, सकाळी दहानंतर. हात कोपरापर्यंत आत घाल. दाणा आतून कोमट लागला तर तिथे किडीनं घर केलं आहे, तो भाग त्याच दिवशी काढून उन्हात टाक आणि बाकीचा चाळ. थंड लागला तर झाकण लावून फटींना शेण-मातीचा हात फिरव. मीठ-बरणीनं काय दाखवलं आणि दोन किलो गव्हाच्या कुरड्या किती झाल्या, ते मला लिहून कळव.

तुझी,
काकू