वायरिंगच्या झिऱ्या मारायला ५५० वॅटची हॅमर ड्रिल चालेल का?

भाऊ, तुम्ही विचारलं का घरात लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग आहे, ते काढून भिंतीच्या आतून पाइप टाकायचे, त्याच्यासाठी भिंतीत झिऱ्या म्हणजे खाचा मारायच्या, समोरच्या खोल्या विटा-सिमेंटच्या अन् मागचं घर मातीचं, दुकानदार ५५० वॅटची हॅमर ड्रिल दाखवून राहिला तं ती घ्यावी का जास्त वॅटची पहावी. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या खेड्यांमध्ये १४ वर्षांपासून वायरिंगचं काम करून राहिलो. माझं सांगणं एवढंच, ती मशीन घेऊ नका. वॅट कमी आहे म्हणून नाही, ती मशीनच या कामाची नाही.

आपल्या इकडे दुकानात दोन वेगळ्या मशीनींना एकच नाव आहे, हॅमर ड्रिल, अन् सगळा घोळ तिथूनच होते. एक असते इम्पॅक्ट ड्रिल, तिला चाबीनं आवळायचा तीन जबड्यांचा चक असते, म्हणजे बिट (भोक पाडायची सळई) पकडायचं तोंड. तिच्या आत दात पाडलेल्या दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात, त्यामुळं बिट थरथरते, मिनिटाला चाळीस हजारांच्या वर ठोके बसतात पण एकेक ठोका एवढुसाच. त्याच्यात जोर आपल्या हाताचा असते, तुम्ही दाबलं तं ती चालते. स्क्रूसाठी ६-८ मिमीचे भोकं पाडायचे असले तं चांगली मशीन आहे. पण तिच्यात बिटचं फिरणं बंद करून नुसता ठोका मारायची सोयच नसते, म्हणजे छन्नी लावता येत नाही.

दुसरी असते रोटरी हॅमर, तिला कारागीर एसडीएस मशीन म्हणतात. तिच्यात पिस्टन असते, पिस्टनच्या पुढं हवा कोंडलेली असते अन् ती हवा आतला हातोडा फेकते, तो बिटच्या बुडावर जाऊन आदळते. ठोके मिनिटाला चार हजारांच्या आसपासच, पण प्रत्येक ठोका खरा. हिला दाबावं लागत नाही, सरळ धरून ठेवली का ती आपलं काम करते, उलट जास्त दाबलं तं ठोका मरते.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी इम्पॅक्ट ड्रिलच घेतली होती. मंग काय करायचो, झिरीच्या रेषेवर ओळीनं भोकं पाडायचो अन् मधला भाग हातोडा-छन्नीनं फोडायचो. एका घरी स्विचबोर्डापासून वरच्या पट्ट्यापर्यंत एकच उभी झिरी न्यायला दुपार झाली, मशीन इतकी तापली का हातात धरवेना, चार-पाच घरं झाले अन् मोटारीतले कार्बन (घासून वीज देणारे तुकडे) संपले, मागोमाग आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरता भागही गेला. मशीनचा काही दोष नव्हता, मी तिच्याकडून भलतंच काम घेऊन राहिलो होतो.

म्हणून घ्यायची तं २ किलो गटातली, एसडीएस-प्लस चकची (त्यात बिट चाबीशिवाय खटकन बसते), अन् तीन मोडची. नुसतं ड्रिल, हॅमरसकट ड्रिल अन् नुसती छन्नी. हा तिसरा मोड आहे का नाही हे दुकानातच पहा, काहून का काही एसडीएस मशीनी दोनच मोडच्या येतात, दिसायला सारख्याच. डब्यावर वॅटपेक्षा ज्यूलचा आकडा वाचा, तो एका ठोक्याची ताकद सांगते. विटांच्या भिंतीला २ ते ३ ज्यूल भरपूर झाले. बॉशची जीबीएच २-२६ डीआरई आहे, ८०० वॅट, २.७ ज्यूल, मी आता तीच वापरतो. मकिताची एचआर२४७० पण ७८० वॅटची तीन मोडची आहे, माझ्या सोबतच्या पोराकडे आहे, तीही चांगली. यापेक्षा मोठी, ५ किलोची एसडीएस-मॅक्स वगैरे कोणी गळ्यात मारून राहिला तं घेऊ नका, ती काँक्रीट फोडायची मशीन आहे, घराच्या भिंतीला लावली तं मागच्या बाजूचं प्लास्टर सोडून देते.

एसडीएसमध्ये बिट टाकल्यावर ते थोडं पुढं-मागं हलते. नवीन माणसाला वाटते चक ढिला आहे अन् तो मशीन वापस न्यायला निघते. ते तसंच असते भाऊ, हलल्याशिवाय ठोका बसणार नाही. बिटच्या बुडाला थोडं ग्रीस लावायचं अन् मोड बदलायचा तो मशीन पूर्ण थांबल्यावरच.

आता दुसरी गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही पण तीच महत्त्वाची आहे. झिरीची रेषा हॅमरनं पाडायचीच नसते. रेषा कटरनं पाडायची. ४ इंची डायमंड ब्लेडचा मार्बल कटर घ्यायचा, ओळंबा लावून लाइनदोरीनं दोन उभ्या रेषा मारायच्या, २० मिमीच्या पाइपाला मधात २५ ते ३० मिमी जागा सोडायची, दोन्ही रेषांवर कटर फिरवायचा, मंग मधली पट्टी हॅमरच्या छन्नीनं काढायची. ४ इंची ब्लेड ३०-३२ मिमी आत जाते. २० मिमीचा पाइप अन् वर १०-१२ मिमी मसाला, हिशोब बरोबर बसते. छन्नी भिंतीत सरळ खुपसू नका, तिरपी धरा, म्हणजे चिपा निघतात अन् मागची वीट शाबूत राहते. कटर न लावता नुसती हॅमर चालवली तं प्लास्टर हातभर फुटते अन् मिस्त्रीचा खर्च वायरिंगच्या वर जाते, हे मी बऱ्याच घरी पाहिलं.

हातातल्या अँगल ग्राइंडरनं होईल का असंही कोणी विचारते. होते, पण गार्ड काढून मोठी ब्लेड लावायची सवय इकडे बऱ्याच जणांना आहे, ते करू नका. ब्लेड अडकली का मशीन उलटी अंगावर येते.

आता भिंतीचं. समोरच्या खोल्यांमधल्या कोणत्या भिंती ९ इंची अन् कोणत्या साडेचार इंची हे दरवाज्याच्या चौकटीपाशी मोजून घ्या. आयएस १९०५ म्हणून विटांच्या बांधकामाचं भारतीय मानक आहे, त्यात उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको अन् आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको असं आहे. म्हणजे ९ इंची, २३० मिमीच्या भिंतीत आडवी झिरी ३८ मिमीपर्यंत चालते, पण साडेचार इंचीत ती १९ मिमीवरच थांबते, तिथं २० मिमीचा पाइपही झाकल्या जात नाही. उभी मात्र तिथंही ३८ पर्यंत जाते, पण ती भिंत वरचा भार पेलणारी नसली तंच. माझ्या हातून एकदा हीच चूक झाली. एका घरी स्वयंपाकखोलीची पार्टिशन भिंत होती, वायर वाचवायला मी या बोर्डापासून त्या बोर्डापर्यंत आडवी झिरी नेली, अर्ध्यात गेलो तं पलीकडच्या देवघरातलं प्लास्टर पाट्यासारखं खाली आलं. त्या माउली देवासमोरच बसल्या होत्या, हातभर अंतरानं वाचल्या. प्लास्टर मी माझ्या पैशानं करून दिलं, पण ते दृश्य अजून डोळ्यापुढून जात नाही. तेव्हापासून माझं काम एकच, पाइप वरून न्यायचा अन् प्रत्येक बोर्डाला उभा उतरवायचा, दोन पैशाची वायर जास्त लागली तं लागू द्या. कॉलम-बीमला तं हातच लावायचा नाही, आतली सळई कापल्या गेली का मंग ती कोणी जोडून देत नाही.

मागचं मातीचं घर आहे तिथं हॅमर नेऊच नका. पांढऱ्या मातीची भिंत असो का मातीच्या जुडाईची (मातीत रचलेली) वीट असो, ठोक्यानं आतली माती झडते अन् वीट मोकळी होते, त्या दिवशी काही दिसत नाही, पावसाळ्यात भिंत ओली झाली का कळते. तिथं वरून पीव्हीसीची केसिंग पट्टी, म्हणजे आत वायर बसवून झाकण लावायची पट्टी मारा, स्वच्छ दिसते अन् काही खराब झालं तं उघडता येते.

कामाला लागायच्या आधी मेन बंद करा, कटआऊट काढून खिशात ठेवा अन् टेस्टरनं पाहून घ्या. जुन्या घरात कोणी कधी मधूनच एखादी वायर प्लास्टरमध्ये दाबलेली असते, ती बहुतेक बोर्डाच्या सरळ वर नाहीतर सरळ आडवी असते, तिथं जास्त सांभाळा. मशीनला लाइन वेगळ्या तात्पुरत्या बोर्डावरून घ्या अन् त्यात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी लावा, म्हणजे करंट गळाला का लाइन तोडणारा स्विच. या मशीनी डबल इन्सुलेशनच्या असतात, चौकोनात चौकोन असं चिन्ह असते, म्हणून प्लगला अर्थिंगची पिन नसते, पण वायर कापल्या गेली तं इन्सुलेशन काय करणार. ती आरसीसीबी काम झाल्यावर काढून ठेवू नका, घराच्या बोर्डात कायमची बसवा अन् अर्थिंगही नवीन करा. उन्हाळ्यात लोखंडी कुलरला ओल्या हातानं शिवून आपल्या भागात माणसं गेली आहेत, नवीन वायरिंग करूनही ते राहिलं तं केलं काय मंग.

गावात संध्याकाळी व्होल्टेज पडते. तेव्हा मशीनमध्ये दम राहत नाही, आपण जास्त दाबतो, पंखा हळू फिरते अन् मोटार तापते. त्यापेक्षा काम सकाळी करा. एक्स्टेन्शन १.५ स्क्वेअर मिमीच्या तांब्याच्या वायरचं घ्या अन् गुंडाळी पूर्ण सोडून वापरा, गुंडाळलेलं तापते.

अन् धूळ. कटर चालला का खोलीत समोरचा माणूस दिसत नाही. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली का निघत नाही, दुपट्ट्यानं ती थांबत नाही. एन-९५ मास्क घ्या, चष्मा घ्या, लेकरं अन् म्हाताऱ्यांना दोन दिवस दुसऱ्या घरी पाठवा. धूळ बसावी म्हणून कटरवर पाणी मारू नका, हातात लाइनची मशीन आहे.

तुमचं एकच घर करायचं असलं तं खरं सांगतो, मशीन विकत घेऊच नका. पुलगाव, वर्धा, यवतमाळ, कुठंही पहा, हार्डवेअरवाले कटर अन् एसडीएस दोन्ही भाड्यानं देतात, तुमच्या दोन खोल्यांच्या झिऱ्या दोन दिवसात होतात. भाड्याची आणा का विकत घ्या, दुकानातच छन्नी लावून, तिसरा मोड करून, जमिनीवर लाकडाच्या तुकड्यावर टेकवून चालवून पहा, छन्नी फिरायला नको, नुसती ठोकायला पाहिजे. सोबत २० मिमीची चपटी छन्नी अन् एक टोकदार घ्या, विकत घेत असाल तं कार्बनचा एक जास्तीचा जोड अन् पक्कं बिल पण.

भिंती मोजल्या का इथं लिहा, अन् एका कोपऱ्यात प्लास्टर टोकरून आतली जुडाई सिमेंटची आहे का मातीची तेही पहा. समोरच्या खोल्यांच्या विटाही मातीत रचलेल्या निघू शकतात, वरून नुसतं सिमेंट फासलेलं असते. तशा निघाल्या तं तिथंही हॅमर नाही, पट्टीच.