तारखेचा कॉलम व्हारकॅर (मजकूर प्रकारचा) आहे, बिट्वीन (अमुक ते तमुक ही अट) लावलं की भलत्याच नोंदी येतात. काय करू?

तुम्ही लिहिलंय की एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या टेबलात तारखा '०५/०३/२०२४' अशा मजकूर म्हणून आहेत आणि '०१/०१/२०२४' ते '३१/०३/२०२४' मागितलं तर २०२३ च्या ऑगस्टमधल्या नोंदीही येतात. येणारच. सर्व्हर त्यांना तारखा मानतच नाही, डावीकडून एकेक अक्षर ताडून बघतो. '१५/०८/२०२३' मधला १५ हा ०१ आणि ३१ च्या मध्ये बसतो, विषय संपला.

मजकुराची तारीख करायला नुसतं कास्ट (प्रकार बदलणारं फंक्शन) करू नका. स्टाइल, म्हणजे तारखेच्या मांडणीचा क्रमांक, दिली नाही तर दिवस आधी की महिना, हे सेशनची (सर्व्हरशी चालू जोडणीची) भाषा ठरवते. अमेरिकन सेटिंग असेल तर ५ मार्चचा गुपचूप ३ मे होतो. १२ तारखेपर्यंत सगळं आलबेल, १३ तारखेची नोंद आली की एरर. खरा धोका त्या पहिल्या बारा दिवसांचाच, कारण तिथे कोणी ओरडत नाही.

म्हणून ट्राय_कन्व्हर्ट(डेट, तुमचा_कॉलम, १०३) वापरा. १०३ म्हणजे दिवस/महिना/वर्ष, १०१ म्हणजे महिना आधी. हे फंक्शन २०१२ च्या आवृत्तीपासून आहे. तारीख जमली नाही तर क्वेरी न पाडता नल (मूल्य नाही अशी खूण) देतं. आधी असे नल येणाऱ्या ओळी काढून बघा. '३१/०२', असलं बरंच निघेल. रिकाम्या जागा मात्र वेगळ्या शोधा, त्यांचा नल होत नाही, गुपचूप १ जानेवारी १९०० होतो. ते निस्तरून डेट प्रकारचा नवा कॉलम भरा आणि जुना काढून टाका. रोज क्वेरीत कन्व्हर्ट करत बसलात तर त्या कॉलमवरचा इंडेक्सही (नोंदी झटपट शोधायची सूची) धड वापरला जात नाही.

मग अट अशी: तारीख >= '२०२४०१०१' आणि तारीख < '२०२४०४०१'. आठ आकडे सलग, मध्ये काही नाही. '२०२४-०१-०१' दिसतं निर्धोक, पण जुना डेटटाइम प्रकार (तारीख आणि वेळ एकत्र) आणि ब्रिटिश सेटिंग असेल तर त्यातही दिवस-महिना उलटतात. शेवटच्या तारखेला २३:५९:५९.९९९ ही वेळ लावायची सवय असेल तर सोडा. डेटटाइम ते पुढच्या दिवसाच्या मध्यरात्रीवर नेऊन ठेवतो.

दाखवताना कन्व्हर्ट(व्हारकॅर(१०), तारीख, १०५) केलं की दिवस-महिना-वर्ष मिळेल. फॉरमॅट फंक्शन लिहायला सोपं, पण लाखो ओळींवर रखडतं. आणि या आउटपुटला मूळ कॉलमचंच नाव देऊ नका. ऑर्डर बाय (नोंदींचा क्रम लावणारा भाग) त्या मजकुरावर लागतो आणि तुम्ही परत जिथे होता तिथेच.

उद्या ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसवर गेलात तर तिथे मजकुराची तारीख करायला टू_डेट आणि तारखेचा मजकूर करायला टू_कॅर आहेत. तिथे मिनिटांसाठी 'एमआय', 'एमएम' म्हणजे महिना. मी एकदा मिनिटांच्या जागी 'एमएम' लिहून घोळ घातला होता. मार्चच्या रिपोर्टात प्रत्येक व्यवहार कुठल्या ना कुठल्या तासाला बरोबर ३ मिनिटांनी झालेला, आणि आम्ही एप्रिल लागून सगळीकडे ०४ येईपर्यंत तो बिनघोर पाठवत होतो.